डिस्ट्रॉयर स्क्वाड्रनचा इतिहास वाचायचा कसा, म्हणजे डोक्याचा भुगा होणार नाही

नौदलाच्या इतिहासाचं वेड लागलेला माणूस आधी बॅटलशिपच्या मागे लागतो, मग विमानवाहू कॅरिअरच्या, आणि डिस्ट्रॉयरकडे, म्हणजे छोट्या वेगवान लढाऊ जहाजांकडे, सगळ्यात शेवटी वळतो. कारण उघड आहे, बॅटलशिप मोजून थोड्या, नावं पाठ होतात, आणि डिस्ट्रॉयर मात्र शेकड्यांनी, अमेरिकेने एकट्या फ्लेचर क्लासच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या, १७५ बांधल्या. त्यात परत स्क्वाड्रन, डिव्हिजन, टास्क फोर्स, टास्क ग्रुप, कोण कोणाच्या हाताखाली तेच कळत नाही, आणि वाचणारा तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. तर हे लिहिणं अशा लोकांसाठी आहे ज्यांना ही गुंतागुंत एकदाची सोडवायचीय. उदाहरण म्हणून मी मुख्यतः अमेरिकेची डिस्ट्रॉयर स्क्वाड्रन २३ (थोडक्यात डेसरॉन २३) घेतलीय, दुसऱ्या महायुद्धात आर्ली बर्क हा अधिकारी जिचा कमांडर होता ती, कारण तिच्यावर कागद भरपूर आहेत आणि एकाच स्क्वाड्रनमध्ये सगळा मसाला सापडतो. शेवटी आपल्याकडचंही थोडं आहे.

आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका, स्क्वाड्रन म्हणजे जहाजांचा ढीग नव्हे. एसटीचा डेपो असतो ना, गाड्या येतात, जुन्या भंगारात जातात, पण डेपो तोच, वेळापत्रक तेच आणि डेपो मॅनेजरची खुर्चीही तिथेच, तसं. स्क्वाड्रन म्हणजे एक नंबर, एक कमांडर, त्याचा छोटासा स्टाफ आणि एकत्र काम करायची ठरलेली पद्धत. जहाजं बदलत राहतात. डेसरॉन २३ आजही आहे, सॅन डिएगोला, पण १९४३ मधलं तिचं एकही जहाज आज तरंगत नाहीये. म्हणून "ही स्क्वाड्रन म्हणजे कुठली जहाजं" हा प्रश्न विचारताना सोबत तारीख टाकायचीच, तारखेशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

नंबरांचं गणित

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन स्क्वाड्रनची ठरलेली रचना म्हणजे चार-चार जहाजांच्या दोन डिव्हिजन आणि वर एक फ्लॅगशिप, म्हणजे कमांडर ज्यावर बसतो ते जहाज, एकूण नऊ. प्रत्यक्षात नऊ क्वचितच एकत्र असायची, पण कागदावर नऊ. स्क्वाड्रन कमांडर हुद्द्याने कॅप्टन असायचा आणि लोक त्याला कमोडोर म्हणायचे, त्याचं स्वतःचं जहाज चालवायला वेगळा कॅप्टन असायचा, हे नवीन वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि मग बर्क जहाजाचा कॅप्टन होता असं लिहून मोकळे होतात. तो चार्ल्स ऑसबर्नवर बसायचा, पण ते जहाज चालवणारा माणूस दुसरा होता.

आता एक युक्ती सांगतो जी कुठे सरळ लिहिलेली सापडत नाही. युद्धकाळातल्या स्क्वाड्रनचा नंबर दुप्पट करा, तो तिच्या दुसऱ्या डिव्हिजनचा नंबर, आणि त्यातून एक वजा केला की पहिलीचा. म्हणजे डेसरॉन २३ च्या डिव्हिजन ४५ आणि ४६, डेसरॉन २१ च्या ४१ आणि ४२, डेसरॉन ५४ च्या १०७ आणि १०८. उलटही चालतं. कुठे वाचलंत की ऑगस्ट १९४३ मध्ये वेला गल्फच्या लढाईत अमेरिकन कमांडर फ्रेडरिक मूसब्रुगरकडे डिव्हिजन १२ आणि १५ होत्या, तर लगेच कळतं की ही एक अख्खी स्क्वाड्रन नाही, दोन वेगवेगळ्या स्क्वाड्रनच्या अर्ध्या-अर्ध्या जोडल्यात. हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण मग पुढचा प्रश्न पडतो की एकमेकांची सवय नसलेली जहाजं रात्रीच्या अंधारात लढली कशी, आणि तो प्रश्न बरोबर प्रश्न आहे.

कागदावर कोण आणि पाण्यात कोण

एक वही करा. खरंच करा, एक्सेलमध्ये केली तरी चालेल. डाव्या बाजूला जहाजांची नावं, वर तारखा, आणि प्रत्येक लढाईच्या रात्री कोण हजर होतं त्यावर खूण. डेसरॉन २३ मध्ये १९४३ च्या शेवटी साधारण ही नावं येतात: चार्ल्स ऑसबर्न, क्लॅक्स्टन, डायसन, स्टॅन्ली, कॉन्व्हर्स, फूट, स्पेन्स, थॅचर. बर्क २३ ऑक्टोबर १९४३ ला कमांडवर आला. दहाच दिवसांत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला पहाटे, सॉलोमन बेटांपैकी बोगनव्हिलजवळ एम्प्रेस ऑगस्टा बे ची लढाई झाली आणि त्यात आठही होत्या. मग २५ नोव्हेंबरला केप सेंट जॉर्जची लढाई, जिच्यावर बर्कचं सगळं नाव उभं आहे, तिथे फक्त पाच. वहीत हे दिसलं की आपोआप विचारता, बाकी कुठे गेल्या? त्यातल्या दोघींचं सांगतो. फूटला पहिल्या लढाईत मागच्या बाजूला टॉर्पेडो बसला होता. स्पेन्स आणि थॅचर त्याच रात्री जोरात धावत असताना एकमेकींना घासल्या, स्पेन्स कामावर राहिली आणि थॅचरला दुरुस्तीला जावं लागलं. म्हणजे गाजलेल्या विजयाआधी तीन आठवडे हीच स्क्वाड्रन बऱ्यापैकी गोंधळलेली होती, आणि हा गोंधळ बहुतेक यूट्यूब व्हिडिओ गाळून टाकतात.

तो गोंधळ जरा सविस्तर वाचण्यासारखा आहे. बर्कच्या डिव्हिजन ४५ ने त्या रात्री पंचवीस टॉर्पेडो सोडले, तेवढ्यात जपानी जहाजं वळली आणि एकही लागला नाही. मग त्या चार जहाजांना परत गोळा करून लढाईत यायला तासभर गेला. नंतर तर बर्कच्या जहाजांनी आपल्याच डिव्हिजन ४६ वर, म्हणजे बर्नार्ड ऑस्टिनच्या स्पेन्सवर, गोळीबार केला, ऑस्टिनने रेडिओवर विचारलं बाबा तुम्ही आमच्यावर तर मारत नाही ना, तर बर्कचं उत्तर साधारण असं होतं की माफ करा, पण चार फैरी ऑलरेडी निघाल्यात त्यांचं काही करता येणार नाही. नशिबाने काही लागलं नाही. जपान्यांची सेन्दाई ही क्रूझर (डिस्ट्रॉयरपेक्षा मोठं लढाऊ जहाज) आणि हात्सुकाझे ही डिस्ट्रॉयर बुडाली, पण सेन्दाईला मुख्यतः अमेरिकन अ‍ॅडमिरल मेरिलच्या क्रूझर्सनी मारलं होतं, आणि हात्सुकाझे आधीच आपल्या क्रूझरला धडकून लंगडी झाली होती.

म्हणून दुसरी सवय लावून घ्या, दाव्यांवर नाही, नावांवर विश्वास ठेवायचा. डेसरॉन २३ च्या सन्मानपत्रात चार महिन्यांत बावीस चकमकी, एक क्रूझर, नऊ डिस्ट्रॉयर, एक पाणबुडी आणि तीसेक विमानं असा हिशोब येतो. प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशन मिळालेली ती दुसऱ्या महायुद्धातली एकमेव डिस्ट्रॉयर स्क्वाड्रन, तेव्हा मान खराच. पण बुडालेल्या प्रत्येक जहाजाचं नाव लिहायचा प्रयत्न करा, जपानी बाजूच्या नोंदीत ते नाव त्या तारखेला गेलेलं आहे का बघा, आणि ते कोणी-कोणी मिळून बुडवलं तेही लिहा. रात्रीच्या लढाईत दोन्ही बाजू प्रामाणिकपणे जास्त मोजतात. रडारवरचा ठिपका दिसेनासा झाला की बुडाला असंच वाटतं.

हे ताडून बघताना घड्याळ सांभाळा. सॉलोमन बेटांकडे अमेरिकन जहाजं ग्रीनिचच्या ११ तास पुढची वेळ लावत होती, जपानी नौदल सगळीकडे टोकियोची, म्हणजे ९ तास पुढची. एकाच घटनेच्या दोन नोंदींत दोन तासांचा फरक दिसला तर कोणी खोटं बोलत नाहीये. मध्यरात्रीच्या आसपासची लढाई असेल तर तारीखच बदललेली दिसते आणि माणूस दोन लढाया समजून बसतो.

आता मुख्य धागा पकडा

इथपर्यंत हिशोबाचं काम झालं. पण स्क्वाड्रन कशी बदलत गेली हे समजायला मी एकच प्रश्न सगळीकडे लावतो आणि तुम्हीही लावून बघा: शत्रू दिसल्यावर हल्ला करायची परवानगी कोणाच्या हातात होती? जहाजाच्या वेगाचे, तोफांच्या व्यासाचे आकडे पाठ करण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त सांगतो असं माझं मत आहे, आणि त्याची उत्तरं वर्षागणिक बदलताना दिसतात.

सुरुवात १९२३ पासून करा. ८ सप्टेंबर १९२३, अमेरिकेचीच डिस्ट्रॉयर स्क्वाड्रन ११, सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन डिएगोकडे चौदा जहाजं वीस नॉटने (ताशी ३७ किलोमीटर) निघालेली, रात्र, धुकं. सगळ्यात पुढे डेल्फी, तिच्यावर स्क्वाड्रन कमांडर कॅप्टन एडवर्ड वॉटसन. डेल्फीवर हिशोब मांडला की आपण सांता बार्बरा चॅनेलच्या तोंडाशी आलो, किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनकडून दिशा वेगळी कळत होती पण त्या काळी ते तंत्र नवीन, त्यावर भरवसा ठेवला नाही, आणि रात्री नऊ वाजता डावीकडे वळले. समोर होंडा पॉइंटचे खडक. डेल्फी चढली आणि मागून एकेक जहाज पुढच्याच्या मागे त्याच खडकांवर गेलं. सात डिस्ट्रॉयर गेल्या, तेवीस माणसं मेली. मागच्या काहींनी वेळीच वेग तोडला म्हणून बाकी वाचल्या. ही घटना फक्त नेव्हिगेशनची चूक म्हणून वाचू नका. स्क्वाड्रन या शब्दाचा तेव्हाचा अर्थ त्यात दिसतो, पुढच्याच्या मागे चला, विचार पुढचा करेल. टॉर्पेडो हल्ल्यासाठी ती शिस्त लागतही होती, जवळजवळ असलेली जहाजं एका वेळी वळली नाहीत तर एकमेकांवर आदळतील.

मग थेट ३० नोव्हेंबर १९४२ ला या, ग्वाडलकनालजवळ तासाफारोंगा. अमेरिकेकडे पाच क्रूझर, सहा डिस्ट्रॉयर आणि चांगलं रडार. समोर जपानी अ‍ॅडमिरल तानाकाच्या आठ डिस्ट्रॉयर, त्यांच्यावर पिंपांत भरलेला रसद-माल. पुढे असलेल्या फ्लेचरवरून डिस्ट्रॉयर कमांडर विल्यम कोलने रडारवर लक्ष्य पकडलं आणि टॉर्पेडो सोडू का असं अ‍ॅडमिरल राइटला विचारलं. अ‍ॅडमिरलला अंतर जास्त वाटलं, विचारणं-सांगणं यात चारेक मिनिटं गेली, परवानगी आली तोवर जपानी जहाजं बाजूने निघून गेली होती आणि टॉर्पेडोंना मागून पाठलाग करावा लागला. एकही लागला नाही. त्यानंतर जपान्यांचे टॉर्पेडो आले, चार क्रूझरना लागले, नॉर्थॅम्प्टन बुडाली. जपान्यांची एक डिस्ट्रॉयर गेली, ताकानामी. आता यात जपानी टाइप ९३ टॉर्पेडोचा वाटा मोठा आहे, ऑक्सिजनवर चालणारा, ६१ सेंटीमीटर जाडीचा, वीस किलोमीटरच्या पुढे मार असलेला, आणि अमेरिकन मार्क १५ तेव्हा खोल जायचा नाहीतर फुटायचाच नाही. पण जपानी कॅप्टनला टॉर्पेडो सोडायला कोणाची वाट बघावी लागत नव्हती हेही तितकंच खरं, आणि वाचणारे टॉर्पेडोच्या आकड्यांत रमून हे विसरतात.

वेला गल्फ, ६ ऑगस्ट १९४३ ची रात्र, इथे पहिल्यांदा उत्तर बदललं. मूसब्रुगरच्या सहा डिस्ट्रॉयर, सोबत एकही क्रूझर नाही. आधीच ठरवून ठेवलेलं होतं की एक डिव्हिजन टॉर्पेडो सोडेल आणि तोपर्यंत तोफा गप्प, कारण तोफेचा उजेड दिसला की समोरचा वळतो. टॉर्पेडोमधला बिघडखोर मॅग्नेटिक एक्सप्लोडर (जहाजाच्या चुंबकत्वाने टॉर्पेडो फोडणारं यंत्र) बंद करून टाकलेला. चार जपानी डिस्ट्रॉयरपैकी तीन बुडाल्या, हागिकाझे, अराशी आणि कावाकाझे, शिगुरे निसटली. अमेरिकेचं काही गेलं नाही. आराखडा त्यांनी बराचसा बर्कच्याच विचारांवरून घेतला होता, फक्त त्या रात्री बर्क स्वतः तिथे नव्हता.

बर्कचा विचार थोडक्यात असा की दोन डिव्हिजन दोन समांतर रांगांत चालवायच्या, एक मारून वळली की शत्रूचं लक्ष तिच्याकडे जातं, तेवढ्यात दुसरी दुसऱ्या बाजूने मारते. आणि शत्रू सापडला की पुढच्या डिस्ट्रॉयरने हुकमाची वाट न बघता हल्ला करायचा. हे दुसरं कलमच खरं महत्त्वाचं, आणि ते जमायला सगळ्या कॅप्टननी आधी एकत्र बसून बोललेलं असावं लागतं, की अमुक झालं तर मी काय करेन हे तुला न विचारता माहीत पाहिजे.

केप सेंट जॉर्ज ही वहीत मिनिटा-मिनिटाने उतरवून काढायची लढाई आहे, मी सांगतो त्यापेक्षा ती स्वतः नकाशावर काढा, मजा वेगळी. बुका बेटावरून जपानी हवाईदलाची माणसं हलवायला पाच डिस्ट्रॉयर आल्या होत्या, ओनामी आणि माकिनामी पहाऱ्याला, अमागिरी, युगिरी आणि उझुकी माणसं वाहायला. पहाटे १ वाजून ४१ मिनिटांनी डायसनच्या रडारवर बावीस हजार यार्डांवर लक्ष्य दिसलं, म्हणजे वीस किलोमीटर. बर्क तीन जहाजं घेऊन सरळ आत घुसला, ऑस्टिनची दोन मागे-बाजूला. १ वाजून ५६ ला साधारण पाच किलोमीटरवरून पंधरा टॉर्पेडो सोडले आणि लगेच उजवीकडे वळला. जपान्यांना तोपर्यंत पत्ता नव्हता. ओनामी उडाली, माकिनामी मोडली, तिला संपवायचं काम ऑस्टिनकडे दिलं आणि बर्क बाकीच्या तिघींच्या मागे लागला. सव्वादोनला त्याला नुसतं वाटलं म्हणून मिनिटभर दिशा बदलली, आणि थोड्याच वेळात जपानी टॉर्पेडो त्याच्या मागच्या पाण्यात फुटले. युगिरी साडेतीनच्या सुमारास गेली, अमागिरी आणि उझुकी राबाउलच्या जपानी तळाकडे सुटल्या. (अमागिरी म्हणजे तीच जिने तीन-चार महिने आधी, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडीची पीटी-१०९ ही टॉर्पेडो बोट कापली होती.) चारच्या सुमारास बर्क मागे फिरला, राबाउलच्या विमानतळांजवळ उजाडेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेकडे एकही माणूस मेला नाही.

आणि हो, "थर्टी-वन नॉट बर्क" हे नाव वाचून लोक समजतात की काय वेगवान माणूस होता. उलट आहे. फ्लेचर क्लास पस्तीसच्या आसपास धावू शकायची. स्पेन्सच्या बॉयलरमध्ये बिघाड असल्याने स्क्वाड्रन तीस नॉटने चालत होती, मग बर्कने कळवलं की एकतीसने येतोय, तर वरचा अ‍ॅडमिरल हॅल्सी, त्याच्या स्टाफवरच्या बर्कच्या जुन्या मित्राने पुढच्या हुकमात चिडवायला ते नाव घातलं. टिंगल होती ती, पेपरवाल्यांनी कौतुक करून टाकलं. एकतीस नॉट म्हणजे ताशी ५७ किलोमीटर, गणित १.८५ ने गुणून येतं, ते पाठ ठेवा, कारण नॉटचे आकडे वाचून अंदाज येत नाही.

१९४४ नंतर काय बघायचं

सुरिगाव सामुद्रधुनी, २५ ऑक्टोबर १९४४, ही स्क्वाड्रन म्हणून टॉर्पेडो हल्ल्याची शेवटची मोठी वेळ. डेसरॉन ५४ चा कॅप्टन जेसी कावर्ड पहाटे तीनला पाच जहाजांनिशी दोन्ही बाजूंनी गेला, त्यांच्या टॉर्पेडोंनी फुसो ही बॅटलशिप आणि यामागुमो ही डिस्ट्रॉयर गेली, आणखी दोन लंगड्या झाल्या. नंतर डेसरॉन २४ आणि ५६ चे हल्ले. याच रात्री आल्बर्ट डब्ल्यू. ग्रँट ही डिस्ट्रॉयर दोन्ही बाजूंच्या तोफांच्या मध्ये सापडली आणि तिला आपल्याच गोळ्या जास्त लागल्या.

पुढच्याच वर्षी ओकिनावाला मात्र स्क्वाड्रन नावापुरती उरते. जहाजं सुटी-सुटी करून बेटाभोवती रडार पिकेट म्हणून उभी केली, जपानी आत्मघाती कामिकाझे विमानं येताना आधी दिसावीत म्हणून, आणि ती विमानं पहिल्यांदा त्यांच्यावरच पडली. इथे स्क्वाड्रनचा इतिहास शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही, एकेका जहाजाचा इतिहास वाचावा लागतो. लाफी घ्या, १६ एप्रिल १९४५. पण सांभाळा, लाफी दोन आहेत, पहिली ग्वाडलकनालला नोव्हेंबर १९४२ मध्ये बुडाली, ही दुसरी. मॉन्सेनही दोन, एक तिथेच बुडाली आणि दुसरी सुरिगावला होती. नावाबरोबर हल नंबर, म्हणजे जहाजाचा ओळख नंबर, लिहिला नाहीत तर एक दिवस मेलेलं जहाज लढताना सापडेल.

डेसरॉन २३ च्या जहाजांचं पुढे काय झालं तेही वहीत टाका. स्पेन्स १८ डिसेंबर १९४४ च्या वादळात उलटली, शत्रूच्या हाताने नाही, टाक्यांत तेल कमी आणि जहाज हलकं झालेलं, त्या वादळात तीन डिस्ट्रॉयर आणि एकूण ७९० माणसं गेली. ऑसबर्न, क्लॅक्स्टन आणि डायसन १९५९-६० च्या सुमारास पश्चिम जर्मनीला दिल्या गेल्या, कॉन्व्हर्स स्पेनला. जपान्यांशी लढलेली ऑसबर्न जर्मन झेंड्याखाली झेड-६ म्हणून फिरली, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

क्षेपणास्त्रं आली आणि ओळखीचं काहीच उरलं नाही

२१ ऑक्टोबर १९६७ ला इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोव्हिएत स्टिक्स क्षेपणास्त्रांनी इस्रायलची एलात बुडवली, ती मूळची ब्रिटिश डिस्ट्रॉयर झेलस. चार वर्षांनी आपल्याच नौदलाने तेच कराचीसमोर केलं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मुंबईच्या २५ व्या मिसाइल बोट स्क्वाड्रनच्या निपात, निर्घात आणि वीर, सोबत किलतान आणि कच्छल. निर्घातने बुडवलेली खैबर ही पाकिस्तानी डिस्ट्रॉयर, ती पण जुनी ब्रिटिश, कॅडिझ. तिच्यावरच्या लोकांना येणारं क्षेपणास्त्र विमान वाटलं आणि ते त्याच्यावर बोफोर्स विमानविरोधी तोफा चालवत राहिले. डिस्ट्रॉयर हा प्रकार मुळात १८९० च्या दशकात छोट्या टॉर्पेडो बोटींना मारायला निघाला होता, आणि पाऊणशे वर्षांनी छोट्या बोटीच तिला मारायला लागल्या. त्यानंतरच्या सगळ्या डिस्ट्रॉयरची रचना येणारं क्षेपणास्त्र पाडायचं कसं याभोवती फिरते.

आकाराचा फरक एकदाच लिहून ठेवा: फ्लेचर सुमारे ११५ मीटर लांब, पूर्ण भरल्यावर अडीच हजार टन, पाच तोफा आणि दहा टॉर्पेडो नळ्या. आर्ली बर्क क्लास सुमारे १५४ मीटर, नऊ हजार टनांच्या आसपास, क्षेपणास्त्रांच्या उभ्या लाँचरचे ९० किंवा ९६ सेल (कप्पे). या क्लासचं पहिलं जहाज ४ जुलै १९९१ ला नौदलात आलं तेव्हा बर्क स्वतः हजर होता, जहाजाला जिवंत माणसाचं नाव देणं तिकडे दुर्मिळच.

आज अमेरिकेत स्क्वाड्रनचा कमोडोर कॅरिअर ग्रुपमध्ये सी कॉम्बॅट कमांडर असतो, म्हणजे शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या ही त्याची जबाबदारी, आणि हवाई संरक्षण वेगळ्या माणसाकडे, पारंपरिकरीत्या क्रूझरच्या कॅप्टनकडे. आणि आपला तो प्रश्न आठवा, परवानगी कोणाची? त्यांच्या पद्धतीत याला कमांड बाय निगेशन म्हणतात, आपल्या क्षेत्रात कमांडरने स्वतःहून करायचं, वरच्याला पटलं नाही तर त्याने थांबवायचं. कोलने विचारून वाट बघितली त्याच्या बरोबर उलट. सगळ्याच स्क्वाड्रन सारख्या नसतात हेही बघा, योकोसुकाची डेसरॉन १५ जहाजांसकट जपानमध्ये मुक्काम ठोकून आहे, तर बहारीनची डेसरॉन ५० मुख्यतः तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर काम चालवते.

आपल्याकडचं वाचताना

भारतीय नौदलात १९४९ मध्ये तीन आर-क्लास ब्रिटिश डिस्ट्रॉयर आल्या, रॉदरहॅमची राजपूत, रिडाउटची रणजित, रेडरची राणा, आणि त्यांची ११ वी डिस्ट्रॉयर स्क्वाड्रन झाली. यातली रॉदरहॅम ब्रिटिशांकडे असताना फ्लोटिला लीडर होती. ब्रिटिश पद्धत अमेरिकेपेक्षा वेगळी, तिथे स्क्वाड्रनऐवजी फ्लोटिला आणि तिच्या प्रमुखाला कॅप्टन (डी) म्हणायचे, शिवाय लीडर जहाजाच्या धुराड्यावर काळा पट्टा असायचा, जुना फोटो बघताना तो शोधा. मग १९५३ मध्ये हंट क्लासच्या गोदावरी, गोमती, गंगा आल्या.

इथे नावांचा घोळ अमेरिकेइतकाच आहे. १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या गाझी या पाकिस्तानी पाणबुडीच्या प्रकरणात जिचं नाव येतं ती राजपूत म्हणजे ही जुनी रॉदरहॅम. १९८० मध्ये सोव्हिएत युनियनकडून आलेली आणि २१ मे २०२१ ला निवृत्त झालेली राजपूत वेगळी, पेनंट नंबर डी-५१. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरीच्या फोटोखाली पहिलीची कथा फिरत असते. गोदावरी, गोमती, गंगा ही नावंही पुढे फ्रिगेटना दिली गेली.

आजच्या डिस्ट्रॉयर बघायच्या तर त्यासाठी मुंबईइतकी सोयीची जागा नाही, माझगाव डॉकमध्ये दिल्ली क्लास, कोलकाता क्लास आणि विशाखापट्टणम क्लास तिन्ही बांधल्या गेल्या. शेवटच्या क्लासच्या चार, विशाखापट्टणम नोव्हेंबर २०२१, गोव्याच्या बंदराचं नाव घेतलेली मोरमुगाव डिसेंबर २०२२, इम्फाळ डिसेंबर २०२३ आणि सुरत जानेवारी २०२५, नंबर डी-६६ ते डी-६९. पण त्यांचा इतिहास अमेरिकन पद्धतीने स्क्वाड्रन धरून वाचू नका. इथे वेस्टर्न फ्लीट आणि ईस्टर्न फ्लीट धरून सुरुवात करा, फ्लीट कमांडर कोण आणि जहाज कुठल्या फ्लीटमध्ये, मग बाकीचं.

मूळ कागद वाचायचे असतील तर अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये युद्धकाळातल्या वॉर डायऱ्या आणि अ‍ॅक्शन रिपोर्ट स्कॅन करून ठेवलेत. डेक लॉग आधी उघडू नका, तासातासाला कोर्स आणि वेग एवढंच, झोप येते. अ‍ॅक्शन रिपोर्टपासून सुरू करा, त्यात नकाशा असतो आणि शेवटी कमांडरची स्वतःची मतं असतात, कधी कधी चांगली तिखट. आधी जहाजाच्या कॅप्टनचा रिपोर्ट वाचा, मग डिव्हिजन कमांडरचा, मग स्क्वाड्रनचा, या क्रमाने. उलट्या क्रमाने वाचलंत तर कमोडोरची गोष्ट डोक्यात बसते आणि खालच्या कॅप्टनने त्याच वेळी काहीतरी वेगळंच बघितलं होतं हे दिसत नाही. पहिला सराव म्हणून केप सेंट जॉर्ज घेऊ नका, ती फार सुरळीत झाली. एम्प्रेस ऑगस्टा बे घ्या, आठही जहाजांचे मार्ग एका ग्राफ पेपरवर वेगवेगळ्या रंगांनी काढा, आणि फूट नक्की कुठे रांगेतून बाहेर पडली तिथून सुरुवात करा.